परसातल्या मुटुबाची साल

३ मार्च

पोहोचले एकदाची! बोडावाल्याच्या मोटरसायकलवर मागे माझी लोखंडी ट्रंक, ट्रंकेला टेकून मी, माझ्या मांडीवर लशींची थंड पेटी आणि पेटीवर एक कोंबडी. कोंबडी माझी नव्हे. वाटेत एका बाईनं, किताम्बुझाला चाललीस ना, मग माझ्या नणंदेला एवढी दे, म्हणून हातात कोंबली आणि मी नाही म्हणायच्या आत ती केळीत गडप झाली. नणंदेचं नावही सांगितलं नाही. गावात शिरल्या शिरल्या तीन जणींनी ती कोंबडी आपलीच म्हणून सांगितली. चौथीला दिली, कारण ती मागायला आली नव्हती.

घर उत्तम आहे. तीन खोल्या, वर पत्रा, पन्हळीखाली पाण्याची टाकी, मागे मोठं परस आणि त्यापलीकडे केळीची बाग. घरमालक केफा वालाकिरा इथला दुकानदार आणि गावचा अध्यक्षही. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून फिरतो, सर्दी झाली आहे म्हणाला. घर दोन वर्षं रिकामं होतं. आधी एक मास्तर राहायचा, त्याला एकटेपणा सोसला नाही, असंही म्हणाला. मी म्हटलं, मग मला योग्य जागा मिळाली, मी एकटेपणाच शोधत आलेय. हसला, पण पोटभर नाही.

परसाच्या मधोमध मुटुबाचं जुनं झाड आहे, जेमतेम माझ्या कवेत मावेल असं. वालाकिराचा बाप योसिया वल्कलं कुटायचा. याच झाडाची साल काढायची, याच परसात लाकडी मोगरीनं कुटायची. कबरीत जावं तर योसियाचं वल्कल लेवून, असं मसाकापर्यंत म्हणायचे म्हणे. म्हाताऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आता तयार वल्कलं गावोगावहून विकत घेतो आणि शहरात पर्सा, टोप्या करणाऱ्यांना विकतो.

रात्री मटोके, म्हणजे उकडून चेचलेली कच्ची केळी, आणि शेंगदाण्याची आमटी. माझ्या मडक्यात, माझ्या चुलीवर, मला हवं तेवढं मीठ घालून. अकरा वर्षांनी.

६ मार्च

गाव माझ्यावर खूश आहे, निदान शेळ्या तरी आहेत. सकाळपासून जंताचं औषध पाजतेय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, डॉक्टरीणबाई, नवरा कुठाय? मी म्हटलं, मुकोनोला, त्याच्या आईजवळ, दोघं सुखात आहेत. म्हातारा म्हणाला, मग तुम्हीही सुखात असाल! शहाणा आहे.

शेजारीण भेटायला आली. न्नालोंगो म्हणतात तिला, जुळ्यांची आई म्हणून. साठी ओलांडलेली, ताठ. रताळ्यांची टोपली ठेवली आणि आल्या आल्या माझ्या खरकट्या भांड्यांकडे पाहून म्हणाली, डॉक्टरीण झालीस तरी भांडी आपोआप घासली जात नाहीत का गं? मला आवडली. जुळी कुठं असतात विचारलं, तर म्हणाली, उडून गेली. आमच्यात जुळी मरत नाहीत, उडून जातात म्हणायचं. मी पुढे विचारलं नाही.

जाताना ती परसात मुटुबापाशी थांबली, म्हणून मीही पाहिलं. बुंध्याची एक पट्टी सोललेली होती. वीतभर रुंद, माझ्या कमरेपासून खाली गुडघ्यापर्यंत. आतलं ओलं लाकूड पांढरं दिसत होतं आणि चीक ठिबकत होता. काल नव्हती.

शेळी असेल, मी म्हटलं. न्नालोंगोनं ठिबकता चीक बोटानं पुसला आणि निघाली.

९ मार्च

शेळी नाही. शेळीला वरचे पुढचे दात नसतात. ती साल खालच्या दातांनी वर खरवडते आणि हिसका देते, कडा फाटक्या राहतात. ही पट्टी वरून खाली गेलीय आणि कडा सरळ आहेत.

साळिंदर? ते बुडाशी कुरतडतं, रुंद खोबणी पाडतं, एखादा काटा टाकून जातं. इथं बुड शाबूत आहे. माकडं? ती साल ओरबाडतात, आतला गोडसर गाभा चावतात आणि चोथा झाडाखाली थुंकतात. खार एवढं नेत नाही.

खाणारं जनावर कोणतंही असो, वरचं टरफल टाकून जातं. मी झाडाखाली ओणवी होऊन गवत विंचरलं. एक कपचा नाही. आज आणखी दोन पट्ट्या गेल्यात. एक माझ्या डोक्याच्याही वर.

मजा वाटतेय. वीस वर्षं जनावरांत काढली, हे कोण आहे ते मी शोधून काढणारच.

११ मार्च

वालाकिरा येऊन झाड बघून गेला. माकडंच, दुसरं काय, म्हणाला. मी त्याला चोथ्याचं सांगायला लागले तर मधेच म्हणाला, तोडूनच टाकू हे झाड, म्हातारं झालंय. मी म्हटलं, भाडं परसासकट देते, झाड माझ्या परसात आहे, आणि माझ्या परसातलं झाड मला न विचारता कुणी तोडत नाही. तो म्हणाला, बाई, तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. मी म्हटलं, पाहुणीला चहा तरी देतात, तुम्ही कुऱ्हाड दाखवताय. बोडावाला शेजारी उभा होता, तो फिस्सकन हसला. वालाकिरा टॉवेल आवळत निघून गेला.

झाडाभोवती चुलीतली राख चाळून पसरलीय. सकाळी पाऊल मिळेल.

१२ मार्च

राखेत पाऊल नाही. खूर नाही, पंजा नाही, नखं नाहीत. जागोजाग राख दाबली गेलीय आणि दाबलेल्या जागी विणीचे ठसे आहेत. उभे-आडवे धागे. मक्याच्या गोणपाटाची वीण असते तशी. दोन ठिकाणी वीण वेगळी आहे, जाड, लोकरीची असावी, घोंगडीसारखी.

म्हणजे माणूस. पायाला गोणपाट बांधून येणारा, ठसा लपवणारा माणूस. वल्कलांना शहरात मागणी आहे, म्हणजे सालीचे चोर असणारच. उगीच राखेचे खेळ केले. आता पोलिसी खेळ करू.

१४ मार्च

दुकानात जाऊन वालाकिराला सांगितलं की साल तुमची माकडं नेत नाहीत, गोणपाट गुंडाळलेली माणसं नेतात. मला वाटलं, अध्यक्ष आहे, चिडेल, चार पोरं पहाऱ्याला देईल. त्याच्या हातातलं मीठ मोजायचं भांडं खाली पडलं. मीठ सगळं जमिनीवर. बायको ओरडत होती आणि हा मला एवढंच विचारत राहिला, की घोंगडीचा ठसाही होता का? होता म्हटल्यावर आत निघून गेला.

न्नालोंगोला तेच सांगितलं. रताळी सोलत होती. सुरी थांबली नाही. विचारलं, लहान ठसेही होते का? मी म्हटलं, होते, पण ती वीणच, लहान-मोठं काय कळणार? मग म्हणाली, पोरी, तू संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येत जा. एकटीनं तिथं बसू नकोस. मी म्हटलं, आजी, मला घाबरवायचं काम एका माणसानं अकरा वर्षं मन लावून केलं. त्याला जमलं नाही, झाडाला काय जमणार!

ती पहिल्यांदा हसली. तिच्या पुढच्या दोन दातांत सुंदर फट आहे. तरुणपणी गावाला वेड लावलं असेल.

१७ मार्च

रविवारभर पाऊस. पावसात मुटुबाची साल सुटते, आणि आज ती जवळजवळ अर्धी गेलीय. पण आज मी शिडी लावून वरच्या कडा नीट पाहिल्या. वरून खाली, प्रत्येक पट्टीची सुरुवात पाहिली. सुरी लागलेलीच नाही. प्रत्येक पट्टी चावून सुरू केलीय आणि मग ओढलीय.

दात पाहून वय सांगणं ही माझी रोजीरोटी आहे. गाय दोन दाती की चार दाती, हे मी अंधारात बोटानं सांगते. म्हणून खाली लिहिते ते चुकीचं असण्याची शक्यता मला फार वाटत नाही, आणि तसं वाटावं अशी फार इच्छा आहे.

चावे वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांचे आहेत. सुळे आखूड. माकड नाही. माझ्या डोक्यावरच्या पट्ट्या मोठ्या माणसाच्या दातांनी धरल्यात, त्यातला एक दात तुटका.

कमरेखालच्या पट्ट्यांवरचे चावे लहान आहेत. जवळजवळ, गोल, छोटे.

दुधाचे दात.

आणि ते दोन आहेत, शेजारी शेजारी, अगदी एका उंचीचे. दोघांच्याही पुढच्या दातांत फट आहे.

१८ मार्च

न्नालोंगोकडे गेले. तिला काही विचारावं लागलं नाही. मी दारात उभी राहिले आणि ती म्हणाली, कळलं ना तुला?

तिनं सांगितलं तसं लिहिते. 

ती एड्सची पहिली वर्षं. तेव्हा नाव नव्हतं, वाळत जायचा रोग म्हणायचे. या पट्ट्यात असं घर नव्हतं की जिथं माती उकरली नाही. तिचा दीर शहरातून वाळून परत आला आणि गेला. मग नवरा वाळला. त्याच हंगामात गोवर आला आणि जुळ्या पोरी, बाबिर्ये आणि नाकातो, पाच वर्षांच्या, एका आठवड्यात दोघी गेल्या. त्यांना वाळायचा रोग नव्हता, गोवर होता, ती मला दोनदा म्हणाली. जणू मी मानणार नाही.

वल्कलाशिवाय आमच्यात पुरत नाहीत. ती योसियाच्या फाटकाशी गेली. इथंच, माझ्या फाटकाशी. योसियानं फाटक लावून घेतलं होतं. आतून ओरडला, त्या घराचा वारा माझ्या वल्कलांना नको, माझं गिऱ्हाईक तुटेल. पाऊस पडत होता. ती पावसात बसून राहिली. फाटकाशी ती एकटी नव्हती, आसपासच्या कितीतरी गावांतली माणसं होती, सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी झाकून ठेवलेलं. आत मोगरीचा आवाज चालूच होता, तो थांबला नाही. लांबच्या, श्रीमंत घरांसाठी कुटत होता.

शेवटी तिनं नवऱ्याला घोंगडीत पुरलं. दिराला आणि पोरींना मक्याच्या गोण्यांत. दोघींना एका गोणीत घालायचं होतं, पण ती फाटली, म्हणून दोन.

पावसाळ्यात साल सुटली की येतात, ती म्हणाली. दर वर्षी. झाड पुन्हा साल धरायचं, तेव्हा भागत होतं. आता झाड थकलंय. मी विचारलं, दर वर्षी नेतात तर पुरत कसं नाही? म्हणाली, अगं, कुटल्याशिवाय सालीचं कापड होतं का? त्यांना कुटता कुठं येतं? गुंडाळतात, ती वाळते, तडकते, गळून पडते. पुन्हा उघडी.

मग म्हणाली, मी दर वर्षी कुंपणाआडून बघते. माझ्या आहेत त्या. पण त्यांच्याबरोबर बाकीचेही आहेत, पोरी. ते माझे नाहीत. त्यांचं मला काही सांगता येत नाही.

घरी आले. दार लावलं. मग वाटलं, मीही फाटकच लावतेय. उघडं ठेवलं.

२१ मार्च

प्रॉसीला सगळं कळवलं होतं, तिचा फोन आला. बहीण म्हणून हक्कानं शिव्या घातल्या. ताई, उद्या पहिल्या टॅक्सीनं निघ, ट्रंक राहू दे, ट्रंक मी नवी घेईन. मी म्हटलं, एका घरातून मी एकदा ट्रंक टाकून पळालेय, आता नाही पळायची. ती रडली. मी रडले नाही. फोन मात्र गालाशी दाबून धरला.

दुपारी तीन वाजता लखलखीत उजेडात पाऊस पडत होता. मागच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते. झाड हललं. वारा नव्हता, केळी निश्चल. फक्त मुटुबा, बुंध्यापासून, कुणी त्याच्यावर भार टाकावा तसा. आणि मी बघत असताना साल निघाली. वरून खाली, सावकाश, ओल्या कापडासारखी. खाली येता येता कशावर तरी टेकली. कशाच्या तरी खांद्यावर. पावसाचे थेंब तिथं उसळत होते, हवेतल्या हवेत.

कप फोडला नाही. चहा संपवला. हे लिहून ठेवायचं होतं.

२४ मार्च

मुटुबावर आता साल नाही. फांद्यांच्या बेचक्यांतसुद्धा नाही. पांढरा, ओला, नागडा उभा आहे. न्नालोंगोनं आणि मी खोडाला शेण लिंपलं, केळीची पानं गुंडाळली, सोपटानं बांधलं. साल काढल्यावर असंच करायचं असतं, म्हणजे झाड नवी धरतं. पूर्वी योसिया करायचा. आता कोण करणार? आम्ही दोघी.

संध्याकाळी वालाकिराच्या बायकोनं बोलावलं. शेळी बघा म्हणाली.

शेळी जिवंत होती. उभी होती, गवत खात होती. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीचं कातडं नव्हतं. वीतभर रुंद पट्टी. कडा सरळ. रक्त जवळजवळ नाही.

मी तिला सुई देऊन कायमचं निजवलं.

झाडाची संपली, मी मनाशी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण वालाकिराची बायको मागं सरकत सरकत घरात गेली.

२५ मार्च

वालाकिरा करवत आणि चार माणसं घेऊन आला. झाड गेलं की येणं थांबेल म्हणे. मी झाडापुढे उभी राहिले. न्नालोंगो आली, बुंध्याला पाठ लावून खाली बसली, पाय पसरले आणि लुगड्याच्या टोकातून शेंगा काढून खायला लागली. करवतवाल्याला म्हणाली, काप बाळा, माझ्यासकट काप, तुझ्या आईची सुईण मीच होते. तो करवत टाकून गेला. बाकीचे त्याच्या मागं.

वालाकिरा एकटा राहिला. मी त्याला विचारलं, साल संपली की ते कातडं नेतात, हे तुला आधीच ठाऊक होतं. तुझ्यापुढची ढाल म्हणून तू मला इथं ठेवलंस का? घरात कुणी असलं की ते तुझ्या दारी येणार नाहीत असं वाटलं तुला, खरं की नाही? मास्तर पळाला, घर रिकामं पडलं, म्हणून तुझ्या दारी आले, खरं की नाही?

त्यानं टॉवेल सोडला.

गळ्याच्या खाली, डाव्या खांद्यापर्यंत. वीतभर. भरत आलेलं.

बाबांचं सगळं गेलं होतं, तो म्हणाला. शवपेटी कुणाला उघडू दिली नाही.

बिबट्यासाठी शेळी बांधतात तसं मला इथं बांधलं. वर भाडंही घेतो.

मी त्याला झोडलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. एवढंच म्हटलं, तुझ्या दुकानात वल्कलं किती आहेत?

२७ मार्च

आज पहाटे उजवा हात. मनगटापासून कोपरापर्यंत. दुखलं नाही, जागही आली नाही. उठून तोंड धुताना पाणी झोंबलं, तेव्हा पाहिलं. सोललेलं आहे. कडा सरळ. वरच्या टोकाला चावा. लहान. फट असलेला.

मलम, पट्टी. डाव्या हातानं लिहितेय.

न्नालोंगोला दाखवलं नाही. ती ओळखेल कुणाचा ते.

त्यांचा राग येत नाही. ज्यानं फाटक लावलं त्याचा येतो. ज्यानं मला इथं बांधलं त्याचा येतो. उघड्यानं थंडी वाजते, पोरी आहेत, त्यांना हात सापडला, त्यांनी घेतला. पण हात माझा आहे. तो मी देणार नाही.

प्रॉसीला संदेश — ठीक आहे. कामात.

जाणार नाही.

२८ मार्च

वालाकिराच्या दुकानात भरदुपारी गेले, बाजाराचा दिवस बघून. सगळ्यांसमोर म्हटलं, तुझ्या बापानं अडवलेली कफनं दे.  मग मागून एक म्हातारी म्हणाली, माझ्या आईचं दे. एक माणूस म्हणाला, माझ्या भावाचं. मग कुणी ना कुणी. एवढ्या वर्षांत एक शब्द नाही आणि आज बाजारभर.

वालाकिरा मागच्या खोलीतून गठ्ठे काढत राहिला. शहरासाठी बांधलेले, तांबूस, मऊ, कुटलेले. ने म्हणाला, सगळं ने. मग बायकोला घेऊन गाडीत बसला आणि गेला. कुठं, विचारलं नाही.

गठ्ठे लोकांनी पोहोचवले. फाटकापर्यंत. आत कुणी आलं नाही. त्यांना दोष देत नाही.

फाटक मी बिजागऱ्यांवरून उतरवून टाकलंय.

२९ मार्च

दुपार. आभाळ काळं. मागच्या दारात पायरीवर बसलोय, मी आणि न्नालोंगो. मांडीवर वल्कलं. वही गुडघ्यावर. काय होतं ते लिहायचं आहे. कुणीतरी लिहिलं पाहिजे.

पाऊस सुरू.

केळी हलताहेत. खालून.

आले. दिसत नाहीत. पाऊस त्यांच्यावर पडतो म्हणून दिसतात. दोन लहान पुढे.

न्नालोंगो उठली नाही. म्हणाली, किती गं भिजलात. एवढंच. दोन वल्कलं उलगडली, हात लांब करून धरली. वल्कलं भरली. खांदे, डोकी. छोटी. तिनं गळ्याशी गाठी मारल्या, रोज मारत असल्यासारख्या. एकीचं नाक पुसलं.

नवऱ्याला दिलं. काहीतरी पुटपुटली, ऐकू आलं नाही. दिराला दिलं.

मग उठली. दोघींचे हात धरले. मी म्हटलं, आजी, जाऊ नका. म्हणाली, पोहोचवून येते. केळीत गेली. गाणं ऐकू येतंय, जुळ्यांचं. लांब.

मी देतेय आता. एकेकाला. हात थंड. गोणपाट ओलं. एक बाई, मिठीत काहीतरी, तिला दोन दिली. तुटक्या दाताचा माणूस. एक म्हातारा, त्याला वाकता येत नाही, मी उठून पांघरलं. भीती वाटतेय. लिहिते कारण वाटतेय. पण हात थांबलेला नाही.

रांग परसाबाहेर. फाटकाच्या जागेतून रस्त्यावर. रस्त्यावरून खाली, पलीकडच्या टेकडीपर्यंत पाऊस उसळतोय. एवढे — फक्त इथले नव्हेत. सगळ्या —

ओरडले. लहान आधी. ढकलू नका. थांबले. ऐकतात.

गठ्ठा संपत आला.

तीन.

गाणं थांबलं.

संपलं. वल्कलं संपली. रांग नाही संपली.

मोठ्यानं सांगितलं. माझं कातडं मिळणार नाही. दारही लागणार नाही. दोन्ही ऐका. उद्या मसाकाहून आणते, परवा कंपालाहून, जिथं जिथं हे कापड भिंतीला टांगलंय तिथून उतरवून आणते. कुटायला शिकते. झाडाला पानं बांधलीत, ते साल धरेल. एवढं थांबलात, आणखी —

पुढचा उंच आहे. थांबत नाही. पट्टी बांधलेला हात धरलाय त्यानं.

याच्या अंगावर गोणपाट नाही. घोंगडी नाही. काहीच नाही, वरपासून खालपर्यंत कातडंसुद्धा — शवपेटीतून —

तू. तू फाटक लावणारा. तू रांगेत शेवटी. ऐकलंस? सगळ्यांच्या शेवटी. सोड हात. मी उठणार नाही इथून, सोड म्हणते, मागं जा, यांच्या मागं उभा राहा, मी तुलाही —